तोंडातला चुना

जन्मात एकदाच कुणाचं तरी नीट ऐकायचं ठरवलं, आन् तोंडाला चुना लागला.

दम लागतो म्हणून चौक गावच्या डाक्टरीणबाईनं मला तोंडात मारायचा पंप दिला. वर दटावलं, "काका, तंबाखू बंद. आणि पंप मारला की न चुकता धुवायचं हं!"

तंबाखू सोडली. (तवापासून चिडका झालो म्हणतात. आधी काय मी संत होतो?) माझी बायको गौरा चारचौघांत बोलली, "तीन महिने चिमूट तोंडात गेली नाय, तर तांबडा कोंबडा रांधीन."

तांबडा ओट्यावर आरवायचा. मी दिवस मोजायचो.

धुवायचं म्हणाल, तर भातावर फवारणी झाली की पंप धुवायची आमची जुनीच सवय. हा तर अंगठ्याएवढा. सकाळ-संध्याकाळ खळखळून धुवायचो, चिमटा लावून दोरीवर वाळत टाकायचो.

चार दिवस उरले आन् जीभ पांढरी पडली. कालवण झोंबाय लागलं, भाकरीला चव नाय. जांभई दिली तर गौरानं बघितलं.

"आ करा! चुना हाय ह्यो!"

"चुना नाय गं!"

"मंग काय जिभेला सफेदी काढली?"

शेजारचा साईनाथ कुंपणावरनं म्हणाला, "वयनी, दही खाल्लं असल."

"तू गप रं! ह्यांच्या ताटात दही मी वाढलं तर असल ना!"

मी रागानं ब्रश घेऊन घासलं. पांढरं निघालं थोडं, खाली लालभडक, वर रगात.

"बघा, पुरावा पुसतायत!" गौरा वराडली. तसंच मला टमटममधी घातलं.

दवाखान्यात मी दारातनंच ओरडलो, "बाई, सांगा हिला, ह्यो चुना नाय!"

बाईनं बॅटरी मारली. "चुना नाही, बुरशी आहे. पंप मारल्यावर धुता ना?"

"रोज! दोनदा! दोरीवर वाळत घालतो!"

"काय वाळत घालता?"

"पंप!"

बाईनं कपाळाला हात लावला. "अहो काका, तोंड! तोंड धुवायचं! खळखळून चूळ भरून थुंकायची. औषध तोंडात बसून राहतं, मग बुरशी धरते."

बाकड्यावरचे सगळे पेशंट हसले. एक तर दाढ दुखत होती म्हणून आला होता, त्योबी.

गौरा हळूच म्हणाली, "चुकलं माझं. कोंबडा तुमचाच."

असं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात बाई म्हणाली, "तोंड बरं होईस्तवर तिखट नाही. हे थेंब दिवसातून चारदा तोंडात घोळवत धरायचे, मग गिळायचे. तोवर बोलायचं नाही."

गौरा शब्दाची पक्की. रविवारी तांबडा शिजला. माझ्या ताटात पेज. जेवायला बोलावलेला साईनाथ नळी चोखत म्हणाला, "नवशादादा, झणझणीत झालाय!" मला चार शिव्या आठवल्या, पण तोंडात थेंब होते. "ऊं ऊं" केलं. त्याला वाटलं, अजून घे म्हणतोय. त्यानं घेतला.

पंधरा दिवसांनी बाईनं तोंड बघितलं. "साफ! थेंब बंद. चूळ मात्र रोज."

मी खुशीत चपला घातल्या. गौरा काय बाहेर येईना. वळून बघितलं, तर टेबलापाशी वाकून ती हळू आवाजात विचारत होती,

"बाई, आजून एक बाटली द्या ना. घरात लई शांत होतं हो."