वजन पाहिजेल!

हे मी अजून कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही : बाळाराममामाची अडकणारी ट्रॉली मी दुरुस्त केली.

ऐकणाऱ्याला यात पुण्यच दिसेल. म्हणून आधी मामा समजून घ्या.

डोंबिवलीत खाडीच्या अंगाला आमची इमारत आणि कुंपणापलीकडे मामाचं अंगण. हळदीच्या मांडवांना तो जनरेटर भाड्याने देतो. जनरेटर ट्रॉलीवर, ट्रॉली जीपला जोडलेली. जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रॉलीची वाटी बसते, वरून खटका लागतो. जोडताना सगळं मुकाट बसायचं. सोडताना खटका हलायला तयार नाही. मग सकाळीसकाळी मामा चाकांना दगड लावायचा आणि आरोळी ठोकायचा, "वजन पाहिजेल!"

म्हणजे कुणीतरी ट्रॉलीच्या मागच्या टोकाला बसायचं. मागचं दबलं की पुढची वाटी जरा उचलते, खटका सुटतो. एवढंच. पण मामाला कुठलंही वजन चालत नसे. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याने उतरवलं : "तुमचं नुसतं वजन हाय, बसणं नाय." जिमवाल्या पोरालाही उतरवलं : "हा सगळा वरच फुगलाय!" मला मात्र दर वेळी बोलावणं. "साहेब, वजन बरोबर हाय. जरा रुसून बसा."

ऑफिसच्या इस्त्रीच्या पँटीत रुसून कसं बसतात?

"मामा, हातोडा मारू का?"

"नाय! मारायचं नाय. समजवायचं."

मासळीवाली शेवंता पाटी उतरवून तमाशा बघायची. "अरे मामा, साहेबांना लुगडं नेसव, लगेच सुटंल!" सगळे फिदीफिदी हसायचे, मामा सगळ्यांत जास्त. खटका सुटला की मामाकडून सगळ्यांना चहा.

पुन्हा एकदा पँटीला ग्रीस लागलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मामा नात्यातल्या लग्नाला गावी गेलेला, ट्रॉली अंगणातच. मी खटका खोलला. आत वाळू आणि दगड झालेलं ग्रीस. रॉकेलने धुतलं, तेल सोडलं, हात पुसून घरी आलो.

पुढच्या खेपेला मामाने आरोळी ठोकली आणि सवयीने खटक्याला बोट लावलं. खट्! सुटली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

"सुटली की," मामा म्हणाला. चहाचं विसरला.

त्यानंतर आरोळी नाही. मी शेवंताकडे सहज म्हणून विषय काढला.

"अवो, मामी बसायची ना ट्रॉलीच्या त्या टोकाला. भांडण झालं की पाठ फिरवून, रुसून. मामानं मनवल्याबिगर उतरायची नाय. ती गेली, तरी हा वजन मागायचा."

आता मामा एकटाच ट्रॉली सोडतो. बोटाने. मग उगाच मागे जातो, त्या रिकाम्या टोकावर हात टेकून उभा राहतो.

खटका मी साफ केला, हे त्याला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. आणि एकदा, जुन्या पँटीत, न बोलावता जाऊन नीट रुसून बसणंही.