बॉयलर आणि एक झाकण साबण

बॉयलर आतूनही धुवावा, असं जावईबापूंना शनिवारी दुपारी चार वाजता वाटलं. त्याआधीच्या सात वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं, आणि त्या दिवशीही वाटलं नसतं तर बरं झालं असतं. पण रविवारी सासरे यायचे होते, आणि सासऱ्यांना एक बोट होतं.

तशी दहा होती. घाबरायचं ते उजव्या हाताच्या तर्जनीला. सासरे जन्मभर वाफेच्या खऱ्याखुऱ्या रेल्वे इंजिनांवर ड्रायव्हर होते. ड्यूटीवर चढण्याआधी इंजिनावरून बोट फिरवायचं आणि ते डोळ्यांसमोर धरून बघायचं, ही त्यांची सवय. ते निवृत्त होऊन जमाना लोटला, बोट मात्र अजून कामावरच होतं. मुलीच्या घरी आले की ते खिडकीच्या कठड्यावरून फिरायचं, पंख्याच्या पात्यावरून फिरायचं, एकदा तर झोपलेल्या मांजरावरूनही फिरलं होतं. सासरे मग बोटाकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्या न बोलण्याने जावईबापूंना घाम फुटायचा.

जावईबापू पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क. लग्नाच्या बोलणीला गेले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "हाताने काय करता?"

"सह्या करतो," जावईबापूंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

सासऱ्यांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि एक लांबलचक सुस्कारा सोडला. (मुलगी हटून बसली होती म्हणून निभावलं.) त्याला चोवीस वर्षं झाली, तरी तो सुस्कारा जावईबापूंच्या कानातून गेला नव्हता. सात वर्षांपूर्वी त्यांनी मागच्या खोलीतलं जुनं कपाट हलवलं, तिथे धातू कातायचं एक सेकंडहँड लेथ मशीन आणून ठेवलं आणि बायकोला सांगितलं, की मी वाफेचं इंजिन बनवणार आहे. छोटं, पण खरं. कोळशावर चालणारं, माणसाला ओढून नेणारं. बायको ड्रायव्हरची मुलगी. तिने फक्त इतकंच विचारलं की धूर घरात येणार का.

पहिला सिलिंडर वाकडा कातला गेला. तो आता ऑफिसात फायलींवर वजन म्हणून ठेवलाय. पहिल्या बॉयलरचे सांधे गळले. दुसऱ्याचेही गळले. तिसऱ्या वेळी सांधे तापवायला बायको शेजारी गॅसचा टॉर्च घेऊन उभी राहिली आणि "आता लाल झालंय, आता द्या चांदीची तार" असं तापत्या तांब्याकडे बघून सांगत गेली. तो बॉयलर टिकला. हौशी इंजिनवाल्यांच्या मंडळाचा परीक्षक येऊन त्यात थंड पाणी दुप्पट दाबाने भरून गेला, आणि थेंबही गळला नाही. त्या दिवशी जावईबापूंनी परीक्षकाला दारापर्यंत नव्हे, बसस्टॉपपर्यंत सोडलं.

तयार झालं तेव्हा इंजिन चार फूट लांब होतं आणि जेमतेम गुडघ्याला लागत होतं. मागच्या अंगणात भिंतीच्या कडेकडेने, कपड्यांच्या दोरीखालून, पाच इंच अंतराचे रूळ गोल फिरवून आणले होते. कॉम्प्रेसरच्या हवेवर चाकं फिरवून झाली होती. पहिला जाळ मात्र सासऱ्यांसमोरच घालायचा, असं जावईबापूंनी ठरवलं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. त्या माणसाने एकदा, फक्त एकदा, तोंडाने बरं म्हणावं.

म्हणून शनिवारी त्यांनी इंजिन पुसलं. चाकांच्या आऱ्या पुसल्या, धुराडं पुसलं, पालथं पडून पोटही पुसलं. मग राहिला बॉयलरचा आतला भाग. तिथे कुणाचंच बोट पोचत नाही, हे त्यांना कळत होतं. पण सासऱ्यांच्या बोटाचा भरवसा नव्हता. ते स्वयंपाकघरातून भांड्यांचा पातळ साबण घेऊन आले. "तो फार फेसाळतो, थेंबभर पुरे," असं बायको आतून म्हणाली. थेंब मोजणं हेडक्लार्कला शोभत नाही; त्यांनी पुरं झाकण ओतलं. खळखळून हलवलं, ओतून दिलं, दोनदा विसळलं. तिसऱ्यांदा विसळणार इतक्यात फोन वाजला. सासरे सांगत होते की उद्या नऊऐवजी आठलाच पोचतो. त्या धास्तीत तिसरं विसळणं राहून गेलं.

रविवारी सासरे आले ते पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टात. गुडघे दुखतात म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. ते बसले नाहीत. बोट निघालं. इंजिनाच्या पाठीवरून गेलं, आऱ्यांमधून गेलं, वाकून पोटाखाली गेलं. सासऱ्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं. स्वच्छ होतं.

"हं," सासरे म्हणाले.

चोवीस वर्षांतला हा पहिला "हं". जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं, तिनेही ऐकलं होतं. भिंतीपलीकडच्या मास्तरीणबाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शेजारीण, स्टुलावर चढून बघत होत्या. त्यांनाही "हं" ऐकू गेला असावा, अशी जावईबापूंची फार इच्छा होती.

भट्टी पेटली. धुराड्यावर ठेवलेला पंखा धूर वर खेचू लागला, कोळसा लाल झाला, दाबाचा काटा थरथरत उठला. ऐंशीवर काटा पोचला तशी सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटली. इंजिनामागे जोडलेल्या चाकांच्या फळीवर जावईबापू पुढे बसले, सासरे पाठीमागे. शिटी वाजली. वाफ सोडणारा रेग्युलेटर उघडला आणि इंजिन निघालं.

निघालं म्हणजे काय, त्या दोन भरभक्कम माणसांना घेऊन, चिमणीतून ठेक्यात फुसफुसत, ऐटीत निघालं. स्वतःच्या हातांनी कातलेला प्रत्येक दांडा खालीवर होताना जावईबापूंना दिसत होता. त्यांचा ऊर भरून आला. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत दुधासारखं काहीतरी पांढरं दिसलं. पाणी भरपूर आहे, असा त्यांनी अर्थ काढला आणि दोरीजवळच्या चढावर रेग्युलेटर आणखी उघडला.

इंजिनाला उचकी लागली. मग ते खाकरलं, आणि चिमणीतून वाफेऐवजी काळा, तेलकट, साबणाचा फेस आला. थोडाथोडका नव्हे. जावईबापूंच्या चष्म्यावर आला, दोरीवरच्या तीन चादरींवर आला आणि त्यांच्या खांद्यावरून मागे सासऱ्यांच्या शर्टावर आला. बुडबुडे तरंगत भिंतीपलीकडे गेले. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

जावईबापूंनी कसंबसं इंजिन थांबवलं. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती, पण वळावं लागलं. सासरे स्वतःच्या शर्टावरून बोट फिरवत होते. त्यांनी बोट पाहिलं आणि नाकाशी नेलं.

"जावईबापू, पाण्यात काय आहे?"

"एक झाकण साबण."

"कशाला?"

आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं. "बॉयलर आतून स्वच्छ असावा म्हणून. तुम्ही बोट लावून बघाल, असं वाटलं."

"माझं बोट बॉयलरच्या आत कसं जाईल?"

"जाणार नाही हे माहीत होतं, बाबा. पण खात्री नव्हती."

सासऱ्यांनी खराब झालेल्या बाह्या वर सरकवल्या आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकले. दुखणारे गुडघे कुठे गेले, देव जाणे. जाळ उतरवला, बॉयलर निवू दिला, पाणी सोडून दिलं. विसळलेलं पाणी दर खेपेला बाटलीत घेऊन ते हलवून बघायचे. फेस दिसला की पुन्हा विसळा. पाचव्या खेपेला बाटली शांत राहिली. बॅटरी लावून त्यांनी भट्टीच्या आत डोकावून पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"हे सांधे कुणी केले?"

"मी केले. टॉर्च हिने धरला."

सासऱ्यांनी त्यांचा उजवा हात धरला आणि उलटा केला. तळव्यावर घट्टे होते, अंगठ्याजवळ भाजल्याचे दोन डाग होते, नखांत सात वर्षांचं तेल होतं. बोट त्या तळव्यावरून सावकाश फिरलं. या वेळी ते काळं झालं.

"आता हातासारखा दिसतो," सासरे म्हणाले.

जावईबापूंचा चष्मा पुन्हा अंधूक झाला, आणि त्याला फेस कारण नव्हता. बायकोने चादरी काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

दुसऱ्यांदा काटा ऐंशीवर गेला. जावईबापू ऐटीत पुढच्या जागेकडे निघाले, तर सासऱ्यांनी हात आडवा केला. "इंजिन उत्तम आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हर बदलू." आणि त्यांनी मुलीला हाक मारली.

ती बसली, आणि जन्मभर हेच करत आल्यासारखं तिने इंजिन हाकलं. मागे सासरे, कोळसा घालणारे फायरमन. अकरा फेऱ्या झाल्या तरी दोघं उतरेनात. तोवर शिटी ऐकून आख्खी गल्ली फाटकाशी जमली. सासऱ्यांनी तिथल्या तिथे नियम काढला: तिकिटाशिवाय कुणी बसायचं नाही, आणि सही असल्याशिवाय तिकीट चालायचं नाही. जावईबापूंना खुर्ची मिळाली, कागदाचे चिटोरे मिळाले, पेन मिळालं. ते सह्या करू लागले. दर सहीगणिक त्यांची मान ताठ होत होती, कारण सासरे रांगेतल्या प्रत्येकाला मोठ्यांदा सांगत होते, "आमच्या जावयांनी बनवलंय. सगळं. हाताने."

मास्तरीणबाईंचा नंबर आला. त्यांनी तिकीट घेतलं, जावईबापूंकडे पाहिलं आणि सासऱ्यांना विचारलं, "यांनी बनवलंय, तर मग हे इथे सह्या का करताहेत?"

"घरातलं एवढंच काम आहे," सासरे म्हणाले, "ज्यात यांना साबण घालता येत नाही."