त्या चालीचा बाप मी

तुम्ही ते गाणं ऐकलेलं आहे. नाही म्हणू नका. लिफ्टमध्ये ऐकलंय, टूथपेस्टच्या जाहिरातीत ऐकलंय, आणि बँकेला फोन लावून ताटकळत बसला असाल तर सलग दहा मिनिटं ऐकलंय. सुरुवातीला जाड आवाजात जे 'डुडुम् डुम्, डुडुम् डुम्, ढँव' येतं ना, ज्याच्यावर भल्याभल्यांची मान हलायला लागते, ते बेस गिटारवर वाजवणारा माणूस म्हणजे मी! आणि नुसता वाजवणारा नाही. ती चाल सुचली ती मलाच. गेली दहा वर्षं मी हे भेटेल त्याला सांगत आलोय. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो. डोळे तपासायला खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकालाही सांगतो, कारण तपासणी होईपर्यंत त्याला उठून जाता येत नाही.

पण रेकॉर्डच्या कव्हरवर काय छापलंय? 'शब्द, संगीत आणि गायन', आणि पुढे एकट्या गायकाचं नाव. आम्ही बाकीचे तिघं कुठेच नाही. गाण्याचे शब्द लिहिले ते आमच्या गिटारवाल्यानं. तो शाळेत गणित शिकवतो म्हणून त्याला आम्ही मास्तर म्हणतो. ड्रम वाजवतो तो गादीवाला. त्याच्या वडिलांचा गाद्यांचा कारखाना होता आणि त्याच्याच गोदामात आमची प्रॅक्टिस चालायची. छतापर्यंत गाद्या रचलेल्या असल्यामुळे आवाज बाहेर जात नसे, आणि कंटाळा आला की आडवं व्हायची सोय होती.

आता एकट्याचं नाव कसं लागलं? तर गाणं नोंदवायचा फॉर्म घेऊन गायक एकटाच गेला, कारण स्कूटर त्याच्याकडे होती. आमच्या बँडमध्ये कुठलंही काम अंगावर घ्यायची हीच पद्धत होती. परत आला आणि म्हणाला, "अरे, फॉर्मवर एकच रकाना होता. एकच नाव मावत होतं. जाऊ दे ना, आपल्या आपल्यात काय!"

आपल्या आपल्यात काय असतं, ते पुढे कळलं. रॉयल्टीचे पैसे गायकाच्या घरी गेले आणि तिथेच राहिले. त्याच्या बंगल्यात पोहायचा तलाव आहे. मास्तर अजून वह्या तपासतो. गादीवाल्याचा कारखाना बंद पडला आणि तो आता दुसऱ्याच्या दुकानात गाद्या विकतो. त्याच दुकानात दिवसभर आमचं गाणं लागलेलं असतं.

यंदा गाण्याला दहा वर्षं झाली. कंपनी नवं कव्हर आणि नवा करार करून रेकॉर्ड पुन्हा काढणार होती. आत्ता नावं लागली नाहीत तर जन्मात लागणार नव्हती.

"पुरावा आहे माझ्याकडे," मी दोघांना बोलावून सांगितलं. "सगळ्या कॅसेटी आहेत."

त्या काळी एखादी छान चाल सुचायची आणि चहा येईपर्यंत सगळे ती विसरायचे. असं दोनदा झाल्यावर मास्तरनं नियम केला, की गोदामाचं दार उघडलं की टेपरेकॉर्डर सुरू, दार लागलं की बंद. अशा अडतीस कॅसेटी माझ्या पलंगाखाली बुटांच्या खोक्यात पडून होत्या.

मास्तर एकदम ताठ बसला. गादीवाला मात्र म्हणाला, "राहू दे ना. कशाला उकरायचं?"

"तू असाच भिडस्त राहिलास म्हणून ही वेळ आली," मी त्याला सुनावलं. "तुझ्यासाठीच लढतोय मी." तो चपला शोधायला लागला.

मी कंपनीला कडक पत्र धाडलं. उत्तर आलं, की पंधरा दिवसांनी, मंगळवारी अकरा वाजता, सगळ्यांनी पुरावे घेऊन यावं. मी लगेच पहिली कॅसेट लावली. माझ्या टेपरेकॉर्डरनं ती चघळून बाहेर टाकली. (त्या कॅसेटवर काही महत्त्वाचं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.)

"बाबांकडे चांगला टेपरेकॉर्डर आहे," बायको म्हणाली.

मला हे नको होतं. माझे सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. अजूनही घरी बिस्किटांचा पुडा आणला तर आधी काट्यावर ठेवतात. माझ्या कलेविषयी त्यांचं मत एका वाक्याचं होतं. "आमचे जावई ते वाद्य धरून उभे असतात." पाहुण्यांसमोरही हेच. छापील कव्हरवर माझं नाव आलं असतं, तर ते त्यांच्या पुढ्यात ठेवून एकदा शांतपणे चहा प्यायची माझी फार इच्छा होती.

सासऱ्यांनी खोकं घेतलं, सदतीस कॅसेटी मोजून पावती दिली आणि स्टॉपवॉच काढलं.

"बाबा, सगळ्या ऐकायची गरज नाही," मी म्हणालो. "ती चाल जिथे सुचली ती एक सापडली की झालं."

"जावईबापू, एकच वजन तपासून दुकानाला दाखला देत नाहीत."

रोज जेवण झालं की ते हेडफोन लावून बसायचे आणि वहीत नोंदी करायचे. मी एकदा डोकावलो. 'मिनिट चार, खोकला. मिनिट सहा, वाद. मिनिट नऊ, झोप (जावई).' मी वही हळूच मिटली.

दहाव्या दिवशी मात्र नवल घडलं. सासऱ्यांनी मला स्वतःच्या आरामखुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत त्यांच्या सख्ख्या मुलालाही कधी बसता आलं नव्हतं. वर स्वतः चहा आणून दिला आणि माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की मला गहिवरून आलं.

"सापडलं वाटतं?" मी विचारलं.

"सापडलं. तपासणी पूर्ण होईपर्यंत आकडा सांगायचा नसतो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ती चाल तुम्हाला नेमकी कशी सुचली हो?"

एवढ्या मायेनं विचारल्यावर थोडक्यात कसं सांगणार? मी म्हणालो, "अंघोळ करत होतो. एकदम अंगावर काटा आला. साबण तसाच ठेवून धावत बाहेर आलो."

"साबण तसाच?"

"तसाच."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझी कॉलर जी ताठ झाली ती उतरेचना. दुसऱ्या दिवशी एक पत्रकार चष्म्याचा नंबर काढायला आला, त्याला मी सगळी हकीकत साबणासकट सांगितली. रविवारी पेपरात बातमी, 'त्या चालीचा खरा बाप चष्म्याच्या दुकानात!' दुकानाच्या मालकानं ती कापून काचेवर चिकटवली. शेजारच्या आजोबांनी माझी सही घेतली, तीही चष्म्याच्या बिलावर.

मंगळवारी आम्ही कंपनीच्या काचेच्या खोलीत जमलो. एका बाजूला गायक, गॉगल लावून. मधे करार बघणाऱ्या मॅडम. दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं आणि मांडीवर टेपरेकॉर्डर घेतलेले माझे सासरे.

"काय हे, घरातली भांडणं बाहेर," गायक हसत म्हणाला. "रकाना एकच होता, मॅडम."

मॅडमनी मूळ फॉर्म पुढे सरकवला. रकाना एकच होता, हे खरं. पण तो वहीच्या पानाएवढा होता. त्यात क्रिकेटची टीम बसली असती.

"पुरावा ऐकवा," मॅडम म्हणाल्या.

"कॅसेट क्रमांक चौदा," सासरे म्हणाले आणि बटण दाबलं.

आधी खरखर. मग गादीवाल्याचा आवाज, दहा वर्षांनी तरुण. "अरे, आमचं कापूस पिंजायचं मशीन असं वाजतं बघ. डुडुम् डुम्, डुडुम् डुम्, आणि अडकलं की ढँव. लहानपणापासून डोक्यात बसलंय. बेसवर वाजवून बघ ना."

आणि मग माझा आवाज. अगदी स्वच्छ. खोकलासुद्धा नाही.

"ही काय चाल आहे? पिंजायचं मशीन म्हणे! माझ्या बेसवर असलं काही वाजणार नाही. हे ठेवलंत तर मी बँड सोडतो."

मास्तरचा आवाज. "एकदा वाजव तर खरं. मी शब्द त्याच्यावरच लिहिलेत."

त्यानंतर बेसवर ती चाल वाजली. पहिल्यांदा. मॅडमची मान हलायला लागली. चाल संपताच पुन्हा मी. "बघा. किती फालतू वाटतंय."

शेवटी दार वाजलं आणि गायकाचा आवाज आला. "सॉरी, उशीर झाला. झालं का गाणं तयार?"

सासऱ्यांनी बटण बंद केलं. गायकानं गॉगल काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडे काढायला गॉगलही नव्हता. कान नुसते तापले होते. मॅडमच्या पुढ्यात रविवारचा पेपर होता, तो त्यांनी हलक्या हातानं उलटा केला. त्यांचा तो चांगुलपणा मला जास्त लागला.

ती आरामखुर्ची, तो चहा, ती माया आता मला समजली. आजारी माणसाला बघायला गेल्यावर आपण असंच करतो.

"मला खरंच आठवत नव्हतं," मी गादीवाल्याला म्हणालो. आणि ते खरं होतं, हीच तर लाज. "तू दहा वर्षं बोलला का नाहीस?"

तो ओशाळला. चूक माझी आणि ओशाळतोय तो! "तू इतक्या खात्रीनं सांगायचास रे. मलाच वाटायला लागलं, की आपलं काहीतरी चुकतंय."

गायकानं आमच्या श्रेयावर एकदा डल्ला मारला होता, फॉर्मवर, एका सकाळी. मी गादीवाल्याचं तेच रोज लुबाडत होतो, गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून. वर त्यालाच भिडस्त म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि हे मी विनोदानं म्हणत नाही.

पुढचं भराभर झालं. त्या 'झालं का गाणं तयार?' नंतर गायकानं मॅडमकडे पेन मागितलं. त्यानं सह्या केल्या. शब्द, मास्तर. संगीत, गादीवाला. रॉयल्टी दोघांना, मागच्या दहा वर्षांची धरून. वादक म्हणून प्रत्येकाचं नाव आणि वाटा वेगळा.

"यांचं बेसखाली टाका," सासरे मॅडमना म्हणाले. "सदतीस कॅसेटी ऐकल्यात मी. वाजवलंय यांनीच. मापात वाजवलंय." हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, पण सांगितलं.

एवढ्यात गादीवाला म्हणाला, "मॅडम, संगीतात आम्हा दोघांचं नाव टाका. यानं वाजवली नसती तर चाल माझ्या डोक्यातच राहिली असती. पैसेही अर्धे-अर्धे करा."

मॅडमनी पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी ते नाकारलं, हे तुम्ही ऐकलंच असेल. बायको सगळ्या नातेवाइकांना सांगते, की ह्यांनी हातात आलेलं श्रेय क्षणात परत केलं, केवढं मोठं मन! मास्तर शाळेत मुलांना ते उदाहरण देतो. पेपरात दुसरी बातमी आली ती पहिलीपेक्षा मोठी होती, आणि मालकानं तीही काचेवर लावली.

आता तुमच्यापाशी म्हणून सांगतो. मी 'चालेल' म्हणायला तोंड उघडलं होतं. 'नको, ते त्याचंच आहे' हे शब्द माझ्या खांद्यामागून सासऱ्यांनी उच्चारले होते. पण खोलीतल्या सगळ्यांना ते माझेच वाटले, आणि ही चूक मी अजून कुणाच्या लक्षात आणून दिलेली नाही.