उद्यारावांचा पाझर

खिडकी उघडून तास होत आला, तरी उद्याराव पहिल्याच आजोबांपाशी अडले होते.

काम म्हटलं तर सोपं. निवृत्त माणसानं वर्षातून एकदा पेन्शन कचेरीत यायचं, खिडकीत तोंड दाखवायचं आणि कारकुनानं त्याच्या कागदावर ‘हयात’ असा शिक्का मारायचा. शिक्का नाही, तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद. आणि शिक्क्याची आज शेवटची तारीख होती.

एरवी उद्याराव मान वर न करता कामाचा फडशा पाडत. सही जरा वाकडी दिसली की “उद्या या.” नाव त्यावरूनच पडलेलं. पण गेल्या आठवड्यात कचेरीच्या स्नेहसंमेलनात नाटक झालं, हेलपाटे घालून थकलेल्या एका म्हाताऱ्याचं. त्यातला कारकून उद्यारावांना द्या, असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, “ते अभिनय कुठला करतायत? नुसते येऊन बसतील.” म्हणून त्यांना म्हातारा केलं. आणि काय सांगावं, तालमीत खोटं खोकता खोकता माणसाला खरा पाझर फुटला. प्रयोगात ते असे रडले, की पडदा ओढणाऱ्याला दोरी दिसेना.

तो पाझर आज खिडकीतून वाहत होता.

“शिक्क्याचं राहू द्या, आजोबा. आधी सांगा, जेवता कुणाबरोबर?”

“टीव्हीबरोबर.”

उद्यारावांनी रुमाल काढला. आजोबांची सून, शेजारी, झोप, सगळं विचारून झालं, तेव्हा कुठे शिक्का पडला. पुढे एक मावशी आल्या.

“मुलगा फोन करतो का, मावशी?”

“करतो की. रोज करतो. वैताग आणतो नुसता.”

“लपवू नका. मीही असंच लपवायचो.”

“तुम्ही? कधी?”

“दुसऱ्या अंकात.”

रांग जिना उतरून फाटकापर्यंत गेली. पाय सुजले, काठ्या टेकल्या, पाण्याच्या बाटल्या रित्या झाल्या. माणसं उदंड, शिक्का एक, आणि तोही रुसून बसलेला.

शिपाई कानाशी लागला. “उद्याराव, दुपार झाली. बाहेर लोक तुमच्या नावानं खडे फोडतायत.”

“फोडू दे. दुखावलेलं माणूस चिडतंच.”

एवढ्यात फाटकापाशी उभ्या असलेल्या निवृत्त मास्तरीणबाई काठी टेकत थेट खिडकीशी आल्या. “बाळा, जरा बाहेर ये. माझ्या जागेवर उभा राहा.”

उद्याराव भारावले. “तुमचं दुःख अनुभवायला?”

“हो, तेच.”

ते बाईंबरोबर गेले आणि फाटकापाशी उन्हात उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “इथे बसायला काही नाही?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“नाटकात खुर्ची होती.”

“नाटकातली रांग केवढी होती?”

“चार माणसं. त्यातला चौथा पुठ्ठ्याचा.”

“आणि उभी किती वेळ होती?”

“एक गाणं होईपर्यंत.”

आणखी काही वेळ गेला. उद्यारावांच्या पोटरीत गोळा आला, घसा कोरडा पडला, आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “अहो, ही रांग सरकत का नाही?”

पुढच्या सगळ्या पांढऱ्या माना सावकाश मागे वळल्या.

“कारकून जागेवर नाही,” एक काठीवाले म्हणाले. “माणूस फार दयाळू आहे म्हणे.”

उद्याराव जिना चढून गेले. जाता जाता साहेबांच्या दालनाबाहेरचा बाक त्यांनी शिपायाला रांगेपाशी न्यायला लावला. मग खिडकीत बसून शिक्का उचलला.

“कशा आहात?”

“आहे.”

ठप्प.

“माझी सही जरा हललीय हो.”

“हात आहे तो, हलायचाच.” ठप्प.

मास्तरीणबाईंचा नंबर आला. ठप्प. बाई गालातल्या गालात हसल्या आणि गेल्या.

कचेरी बंद व्हायच्या आत रांग संपली. उद्याराव खिडकी लावणार, तोच बाहेर बाकावर एक आजोबा दिसले. त्यांनी घाईनं पुन्हा शिक्का उचलला.

“तुमचा शिक्का राहिला की काय?”

“छे, मिळाला.” आजोबांनी कागद दाखवला.

“मग बसलात का?”

“सकाळपासून ऐकत होतो, तुम्ही सगळ्यांना मायेनं विचारत होतात,” आजोबा रुसलेल्या आवाजात म्हणाले. “मी मनात सगळं जुळवून ठेवलं. आणि माझा नंबर येईस्तोवर तुम्ही विचारायचंच सोडलंत.”

उद्यारावांनी खिडकी लावली, बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बाकावर टेकले.

“बोला.”

आजोबांनी घसा खाकरला, मांडी सारखी केली.

“गुडघ्यांपासून सुरू करतो. आधी डावा सांगू का उजवा?”