सतरा नव्हे, अकरा गावांची बखर

श्री. बोलणाऱ्याचा शब्द आणि ऐकणाऱ्याचा कान, दोहोंचा जो साक्षी, त्यास वंदन करून लिहिले असे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, माघमासी या राज्यात निवडणूक मांडिली. थोरला वाडा गादीवर होता आणि धाकटा वाडा गादी मागत होता. घरोघरी भिंतीवर काच असे, तीस लोक टीव्ही म्हणत, आणि तीत रोज सायंकाळी वार्तेचा दरबार भरे, आणि दोहों वाड्यांचे लोक समोरासमोर बसून भांडत, आणि मध्ये एखादा जाणता पाहुणा बसवीत. त्या दरबारी राजश्री भास्करराव हिर्लेकर, पाणीखात्याचे निवृत्त अंमलदार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, यांस पाचारण जाहले. त्यांणी सांगितले की, थोरल्या वाड्याने सर्व तालुक्यास नळ दिल्याची द्वाही फिरविली, परंतु सतरा गावांच्या नळास थेंब नाही. राज्यात मोठा गलबला जाहला. दुसरे दिवशी सकाळी भास्कररावांनी वही काढिली आणि कन्या हेमलताबाई यांजकडून यादी पुन्हा वाचविली, तो ध्यानी आले की सहा नावे गावांची नव्हेत, त्याच गावांच्या वाड्यावस्त्यांची. निराळ्या ओळीवर लिहिली होती म्हणून गावे समजून मोजिली गेली. कोरडी गावे अकरा. भास्कररावांनी वही मिटिली. मग म्हणाले, "हेमा, जेथे चुकलो तेथेच बसून सांगितले पाहिजे."

मग दरबाराचे कारभारी दळवी यांस फोन केला आणि त्यांणी गुरुवार नेमून दिला. परंतु गुरुवारापूर्वीच थोरल्या वाड्याचा खलिता राज्यातील सर्व वार्तादरबारांस पोचला. त्यात सात पाहुण्यांची नावे, आणि खाली लिहिले होते की, हे असत्य बोलिले आहेत, यांस पुन्हा बोलावण्यापूर्वी यांचा शब्द कितपत भरवशाचा याचा विचार व्हावा. तिसरे नाव भास्कररावांचे. सतरांचे असत्य लिहिले होते, अकरांविषयी अक्षर नव्हते. हुकूम असा कोठेच नव्हता, केवळ विचार व्हावा इतकेच. आणि सर्व दरबारांनी तो दुपारपर्यंत केला. गुरुवार रद्द जाहला. तेव्हा पितापुत्री स्वतः दळवींकडे गेली. दळवींनी चहा पाजिला, आदर फार केला आणि म्हणाले, "काका, आत्ता तुम्हांस बसविले तर धाकटे म्हणतील आम्ही खलित्यास भ्यालो, आणि थोरले म्हणतील मानिला नाही. शिवाय चूक सांगणारा पाहुणा आमच्याकडे आजवर आला नाही. त्यास बसवावे कोणत्या बाजूस?"

मग धाकट्या वाड्याचा वकील घरी आला. त्याणे हात जोडून विनविले की, "भाऊ, सतरा लोकांच्या तोंडी बसले, फलकांवर छापले. आता अकरा म्हणाल तर उरलेली सहा गावे आम्ही कोठून आणावी?" भास्करराव म्हणाले, "सहा आणू नका. अकरांस पाणी आणा." वकील हसला आणि चहा न घेता गेला. ऐसे अकरा कोणासच नको होते. हेमलताबाईंनी वडिलांच्या सांगण्यावरून दळवींस तीन पत्रे लिहिली, आणि चौथ्या वेळेस त्या थकून म्हणाल्या की, बाबा, पुरे आता, अकरा काय नि सतरा काय, नळ कोरडेच ना. भास्कररावांनी चष्मा काढून त्यांजकडे पाहिले आणि विचारिले, "तूसुद्धा?" इतकेच. चौथे पत्र त्यांणी आपल्या हाते लिहावयास घेतले, आणि फाल्गुन शुद्ध षष्ठीस सकाळी, ते अर्धे असता, त्यांचा काळ जाहला.

तेरावे उरकले आणि दळवींचा फोन आला की, काकांस आदरांजली वाहू, आपण यावे, गोड दोन शब्द बोलावे. चुकीचा विषय मात्र माणूस गेल्यावर शोभत नाही. हेमलताबाई येते म्हणाल्या, आणि वही पिशवीत घातली. दरबारी त्यांस मधल्या खुर्चीवर बसविले आणि वडील कसे होते म्हणून विचारिले. त्या म्हणाल्या, "बाबा चुकले होते. गावे सतरा नव्हेत, अकरा आहेत. हे त्यांना इथे बसून सांगायचे होते, तुम्ही येऊ दिले नाही. आणि मी एकदा पुरे म्हणाले." मग वही उघडून गावांची नावे वाचू लागल्या. आठवे नाव जाहले आणि काचेत साबणाची जाहिरात आली.

दुसरे दिवशी थोरल्या वाड्याने डंका वाजविला की कन्येने असत्य कबूल केले, आणि धाकट्या वाड्याने हूल उठविली की कन्या फितली. पुढे निवडणूक जाहली, गादीवर कोण बसले ते सर्वांस ठाऊक आहे.

तात्पर्य, भास्करराव हिर्लेकर सहांनी चुकले आणि अकरांनी खरे होते. दरबारी वाचावयाची राहिली ती नावे येथे लिहिली असेत: मौजे खडकमाळ, मौजे बोरखिंड, मौजे निंबदरा. नळ आहेत. पाणी नाही.