हकीकत धाकलूबाबांच्या दाढेची आणि मुरबाडच्या गार सरबताची

श्री ग्रामदेवी प्रसन्न. किन्हवलीकर राजश्री धाकलूबाबा यांचे दंतदुर्गावर जो बाका प्रसंग गुदरला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितों. उणें-अधिक असल्यास त्यांचे कुटुंब सकुबाईसाहेब यांनी दुरुस्त करावें, त्या करतीलच.

चैत्रमासीं बाबांची नात प्रियांका हिची सोयरीक मुरबाडीं ठरत आली आणि खाशांची स्वारी जीपगाडींत दाटीवाटीनें बसून व्याह्यांचे घरीं दाखल जाहली, मग विहीण हिराबाई यांनी बर्फ घातलेलें कोकम सरबत पुढें केलें. व्याह्यांचा पहिला पेला रिता करावा तेव्हां बोलणीं पक्कीं, ऐसा रिवाज. बाबांनी घोट घेतला मात्र, डावे दाढेंतून कळ जी उठली ती थेट कानशिलांत शिरली, आणि बाबांनी ऐसें तोंड वांकडें केलें कीं अवघी बैठक थिजली. दाढ दुखते म्हणावें तर नवरीचा आजा खिळखिळा ठरतो, म्हणून बाबांनी भरला पेला तैसाच खालीं ठेविला. हिराबाईंचा निरोप आला कीं आमचे घरचें ज्यांस रुचत नाहीं त्यांनी विचार करावा, महिन्यानें काय तें कळवावें. प्रियांकेचें मन तिकडे जडलेलें; पोर जेवेना. बाबांचे काळजांत चर्र जाहलें.

मग बाबांनी गनिमाचें पारिपत्य आरंभिलें. चाळीस वर्षें भाताचे तुसाची राख आणि मीठ बोटानें दातांस घासण्याचा शिरस्ता. दुखतें त्या अर्थीं घासणें कमी पडलें, ऐसी मसलत करून दुप्पट जोरानें घासूं लागले. आपलाच बुरूज आपणच पाडावा, काय ही मर्दुमी! आठवे दिवशीं माठाचें पाणीही वैरी जाहलें.

तेव्हां सकुबाईंनी बाबांस शहापुरीं दातांच्या डॉक्टर संजीवनी यांचे दरबारीं पेश केलें. बाईंनी दिवा लावून पाहणी केली आणि निवाडा दिला कीं कीड नाहीं. घासघासून दातांचें कवच झिजलें, हिरडी मागें हटली, मूळ उघडें पडलें, तेथून गार-आंबट आंत शिरतें. सबब राख बंद, ब्रश मऊ, हात हलका, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दोन वेळां, वर खळखळून चुळा नाहींत, आणि धीर तीन-चार आठवडे.

बाबांस धीर कैंचा! असला ब्रश तान्ह्या पोराचा, म्हणून तिसरे दिवशीं पेस्टेवर गुपचूप राखही फिरविली. सकुबाईंनी काळें बोट पाहून डबा जप्त केला.

"नातीचं लगीन मोडाल नि वर मलाच शानपन सांगाल? परत बोट दिसलं तोंडात, तर बघा!"

ऐसा हुकूम सुटला, आणि तेथून बाबा मऊ ब्रश हलके हातें चालवूं लागले.

महिना भरतां स्वारी पुन्हा मुरबाडीं. सरबत तेंच, बर्फ दुप्पट. प्रियांका घरीं फोन धरून बसलेली. बाबांनी कुलदैवताचें स्मरण करून एक घोट घेतला, मग दुसरा, मग तळ गांठला. कळ नाहीं! आनंदानें बाबांचे डोळे भरून आले.

तों हिराबाईंचा पेला पाहिला, तर भरलेलाच. विहीणबाई हळूच पुसत्या जाहल्या, "व्याही, गार कसं वो पिता तुमी? माझी मेली दाढ जीव खाते. मागल्या टायमाला तुमी तोंड वाकडं केलंत, मला वाटलं मलाच वेडावता."

"राख घासता?"

"तर! आता दुप्पट घासते."

मिति वैशाख वद्य पंचमी, मुक्काम मुरबाड. सोयरीक पक्की जाहली, दाढ फत्ते जाहली, आणि विहीणबाईंस घेऊन धाकलूबाबा जातीनें शहापुरास कूच करते जाहले.