दाजींचा बिनविजेचा बॉयलर

“मी या घरात आहे तोवर हा बॉयलर या घरातून हलणार नाही!” चंद्रशेखरने बाथरूमच्या छतातून गर्जना केली. त्याचं डोकं आणि दोन्ही हात फॉल्स सीलिंगच्या चौकोनी भोकात होते, उरलेला चंद्रशेखर शिडीवर होता. घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी नवऱ्याच्या या खालच्या भागाशीच बोलायच्या, याची त्याच्या बायकोला, कुमुदला, आता सवय झाली होती.

“अहो, बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी दोन-दोनदा बदलले,” कुमुद पोटऱ्यांकडे बघत म्हणाली.

“त्यांचे गीझर होते. हा बॉयलर आहे! नवीन डबडं चारशे दिरहमला, म्हणजे साडेनऊ हजार रुपये! तेवढ्यात डोंबिवलीत आमचं अख्खं बाथरूम...”

इथे त्याच्या हातातला पाना निसटला आणि सरळ कमोडमध्ये गेला. वाक्य अर्धवट राहिलं. पाना त्याने काढला, पण मग घरात दोन दिवस कोणी त्याच्याशी हात मिळवला नाही.

चंद्रशेखर शारजातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत पर्चेसला होता. दिवसभर कंपनीच्या पैशाने घासाघीस करायची आणि संध्याकाळी अल मजाजच्या फ्लॅटवर येऊन त्याच कामाची फुकट प्रॅक्टिस करायची. त्याच्या सगळ्या काटकसरीचा मुकुटमणी म्हणजे हा बॉयलर. त्याचा पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते, म्हणून त्याला जुन्या बॅगेचे पट्टे आवळले होते. एका सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळली होती. वायसर म्हणून कुमुदच्या चपलेचा तुकडा आत गेला होता. डाव्याच चपलेचा, त्यामुळे कुमुद घरात जरा डावीकडे कलून चालायची.

कुमुदला नवा बॉयलर हवा होता आणि चंद्रशेखरला हाच हवा होता. घरात भांडण असं एवढंच, पण ते लग्नाइतकंच टिकाऊ होतं.

जुलैत कुमुदचा धाकटा भाऊ उपेंद्र राहायला आला. जुलैत दुबई-शारजाची तिकिटं स्वस्त का असतात, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. इचलकरंजीत त्याचं टाइल्स आणि बाथरूम फिटिंगचं मोठं दुकान होतं, आणि दाजींबद्दल त्याला मनापासून कीव होती. “दाजींच्या घरचा चहा गाळायला लागत नाही, पावडरच नसते,” हा विनोद तो दर भेटीत करायचा आणि दर भेटीत पहिल्यांदाच सुचल्यासारखा हसायचा.

आता शारजातल्या उन्हाळ्याची एक गंमत आहे. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर उन्हात तापतात, त्यामुळे थंड पाण्याचा म्हणून जो निळा नळ, त्यातून नुसती पावडर टाकली की चहा व्हावा असं पाणी येतं. म्हणून मे महिना लागला की लोक बॉयलरचा स्विच बंद करून टाकतात. मग बॉयलरच्या टाकीतलं पाणी एसीच्या गारव्यात पडून पडून निवतं, आणि लाल नळातून तेच गार पाणी येतं. लाल म्हणजे गार, निळा म्हणजे कढत. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. उपेंद्रला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

“आई गंऽऽऽ!” पहिल्याच सकाळी बाथरूममधून आवाज आला आणि टॉवेल गुंडाळलेला, अर्धा साबणातला उपेंद्र हॉलमध्ये अवतरला. त्याची पाठ गाजरासारखी झाली होती.

“दाजी! निळ्या नळाला उकळतं पाणी! आणि बॉयलरचा स्विच बघतोय तर बंद!”

“हो, ते काय आहे...”

“थांबा ओ! आणि लाल नळाला गार पाणी! म्हणजे एकाच बॉयलरातनं गरम बी आणि गार बी, आणि लाइट शून्य? दाजी, हे केलं कसं तुम्ही?”

चंद्रशेखरने खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण त्याचं लग्न झाल्यापासून या मेव्हण्याने ‘कसं केलं तुम्ही’ असं, डोळे एवढे मोठे करून, कधी म्हणून विचारलं नव्हतं. खरं ओठापर्यंत आलं, बाहेर डोकावलं आणि परत फिरलं.

“थोडं सेटिंग केलंय,” चंद्रशेखर म्हणाला.

“मामा, इट्स जस्ट द सन,” सोफ्यावरून पंधरा वर्षांची लेक शर्वाणी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. “द टँक इज ऑन द रूफ, सो...”

“शर्वाणी! स्कूल बस येईल!”

“बाबा, इट्स जुलै. देअर इज नो स्कूल.”

“मग होमवर्क कर!”

कुमुदनेही तोंड उघडलं होतं. पण तिची नजर भावाच्या चेहऱ्यावरून बाथरूमच्या छताकडे गेली, छतावरून आपल्या डाव्या चपलेकडे आली, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

“फार डोकं आहे हो यांना,” ती म्हणाली. “आम्हीच ओळखलं नाही.”

दुपारपर्यंत उपेंद्रने व्हिडिओ काढून डीलर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. सांगली, मिरज, जयसिंगपूरहून विचारणा सुरू झाली. संध्याकाळी लाइव्ह डेमो ठेवला. उपेंद्र कमोडच्या झाकणावर उभा राहून बोलत होता आणि चंद्रशेखर एका हातात मग, दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन जादूगाराच्या असिस्टंटसारखा उभा होता. लाल नळ इतक्यांदा उघडून दाखवला की बॉयलरमधलं गार पाणी संपलं आणि गच्चीवरच्या टाकीतलं ताजं कढत पाणी त्यातूनही यायला लागलं. उपेंद्रचा हात भाजला. चंद्रशेखरने घाईघाईने टॉवेल पुढे केला.

“बघितलंत?” उपेंद्र बोटं फुंकत कॅमेऱ्यात ओरडला. “आता दोन्ही गरम! दाजींनी मोड बदलला! नाद खुळा!”

“आतल्या कॉइलला एक वळसा जास्त दिलाय,” चंद्रशेखरच्या तोंडून निघून गेलं. तिकडून टाळ्या आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मिरजेने त्याला टाळ्या दिल्या होत्या. त्या संध्याकाळी त्याने चहात नेहमीपेक्षा जास्त पावडर टाकायला परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला उपेंद्रने बॉम्ब टाकला.

“दाजी, ठरलं. बॉयलर मी इचलकरंजीला नेतोय. दुकानात मधोमध लावतो. वरती बोर्ड, ‘चंद्रशेखर मॉडेल’. असलेच शंभर बनवून घेऊया.”

चंद्रशेखरने पोह्यांची बशी बाजूला सारली. “नेतोय म्हणजे? हा? वरचा?”

“मग काय खालचा?”

त्याने घोटभर पाणी घेतलं, छातीवर हात ठेवला आणि सगळं कबूल केलं. ऊन, गच्ची, टाकी, मे महिना, सगळं. वळसा-बिळसा काही नाही. बॉयलर तर दोन महिने झोपलेलाच आहे.

उपेंद्रने शांतपणे ऐकून घेतलं. मग तो खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, “दाजी, बाहेरच्याला असं सांगा. मी घरचा माणूस ओ. फॉर्म्युला लपवायला मला उन्हाची गोष्ट सांगताय? ऊन आमच्याकडं नसतंय व्हय?”

“अरे, खरंच! कुमुद, तू तरी सांग!”

कुमुद पोह्यांवर खोबरं पेरत होती. एकेक कीस मोजून पेरावा तशी.

“मला बाई त्यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच म्हणता ना, बॉयलरमध्ये बायकांनी लक्ष घालू नये.”

“शर्वाणी!”

“आय हॅव होमवर्क,” शर्वाणी म्हणाली.

शुक्रवारी चंद्रशेखर भाजी आणायला खाली गेला. तेवढ्यात उपेंद्र त्याचेच पाने घेऊन त्याच्याच शिडीवर चढला आणि त्याने बॅगेचे पट्टे सोडले. त्या पट्ट्यांनी बॉयलर छताला बांधलेला नव्हता, छत बॉयलरला बांधलेलं होतं. आधी फॉल्स सीलिंगची शीट आली, मग उपेंद्र आला, आणि सर्वांत शेवटी, मानाने, बॉयलर त्याच्या मांडीवर येऊन बसला. वर तुटलेल्या पाइपातून टाकीच्या कढत पाण्याचा फवारा सुरू झाला. चंद्रशेखर कोथिंबीर घेऊन परतला तेव्हा पाणी हॉलमध्ये आलं होतं, कुमुद सोफ्यावर चढून “यल्ला, यल्ला!” असं अरबीत ‘लवकर, लवकर’ ओरडत होती आणि मेव्हणा बॉयलरला कवटाळून “यंत्राला काही झालेलं नाही!” असं सांगत होता.

बिल्डिंगचा वॉचमन कमरुद्दीन धावत आला आणि त्याने बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला. चंद्रशेखरला वाटलं, हाच आपला शेवटचा साक्षीदार.

“कमरुद्दीन, इनको सच बताओ! गर्मी में सबके नल में गरम पानी आता है ना?”

कमरुद्दीनने चंद्रशेखरकडे पाहिलं. दर ईदला या साहेबांकडून त्याला फक्त ‘ईद मुबारक’ मिळत आलं होतं. मग त्याने उपेंद्रकडे पाहिलं. बॅगा वर आणल्या त्या दिवशी त्या पाहुण्याने त्याच्या खिशात वीस दिरहमची नोट सरकवली होती.

“साब,” कमरुद्दीन म्हणाला, “आपके घर में तो कुछ स्पेशल ही है.”

खलास. बॉयलर चादरीत गुंडाळला गेला. वजन बसवायला उपेंद्रने खजूर, चॉकलेटं आणि बायकोसाठी घेतलेलं अत्तर मागे ठेवलं. एअरपोर्टवर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “इसमें क्या है?”

“टेक्नॉलॉजी,” उपेंद्र म्हणाला.

ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत चंद्रशेखर काचेला नाक लावून उभा होता. “सांभाळून रे,” तो शेवटी ओरडला, “त्याची डावी बाजू नाजूक आहे!” आजूबाजूच्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्या वडिलांना पाठवतोय. एका बाईने त्याला टिश्यू दिला.

कुमुदने दुसऱ्याच दिवशी स्वतः दुकानात जाऊन नवा बॉयलर निवडला. पांढराशुभ्र, पाटीएवढा चपटा, समोर निळ्या लाइटमध्ये आकडे. दुकानदार म्हणाला होता, “मॅडम, टँक-बिंक कुछ नहीं. पानी आया, गरम हुआ, निकल गया. लेटेस्ट!” कमरुद्दीनने तो मोठ्या आदराने भिंतीवर लावला. चंद्रशेखर जुन्या बॅगेचे पट्टे गुंडाळत बसला. कुमुदला त्याची थोडी दयाही आली. तिने त्याला दोन चमचे साखर घालून चहा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोक्याला शाम्पू लावून लाल नळाखाली बसली.

“आई गंऽऽऽ!”

चंद्रशेखर बाथरूमच्या दाराबाहेर येऊन उभा राहिला.

“अहो! दोन्ही नळांना कढत पाणी! स्विच बंद आहे तरी!”

“असणारच,” तो दाराला म्हणाला. “नव्याला टाकीच नाही. पाणी साठणार कुठे आणि निवणार कुठे? आता ऑक्टोबरपर्यंत गार पाणी नाही.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“मला बाई त्यातलं काही कळत नाही,” चंद्रशेखर म्हणाला.

 मग फ्रिजमधल्या बाटल्यांची मागणी झाली. एकेक बाटली दारातून आत सरकवली गेली. शेवटच्या बाटलीबरोबर कुमुदचा हात बाहेर आला, डोळ्यांत शाम्पू गेल्याने त्याने चाचपडत नवऱ्याचं मनगट शोधलं, आणि आवाज आला, “उप्याला फोन करा. म्हणावं, बॉयलर परत पाठव. कितीही भाडं लागू दे.”

कितीही! हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. चंद्रशेखरने केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मग फोन लावला.

“दाजी! मी तुम्हाला फोन करणारच होतो,” उपेंद्र म्हणाला. “सकाळी बॉयलर दुकानात बसवला. सगळे डीलर जमलेले. निळा नळ उघडला, गार. लाल उघडला, तोबी गार. लोक हसायला लागले.”

“अरे, मी सांगत होतो ना!”

“व्हय. मग म्हटलं, असू दे, स्विच तरी लावून बघू. लावला.”

“मग? तापला?”

“तापला की! लई तापला.”

चंद्रशेखरची छाती फुगली. “बघ! तापणारच! तो आता इकडे परत...”

“ऐका तरी. त्याचा वरचा एक व्हॉल्व्ह ठिबकत होता. आपलं दुकान फिटिंगचं, आपल्या दुकानात ठिबकणं बरं दिसत नाही. म्हणून मी त्यावर क्रोमचं झाकण आवळून बसवलं आणि आम्ही सगळे चहाला गेलो.”

“आणि?”

“आणि आत वाफ कोंडली अन् तो दुकानाच्या छताच्या पत्र्यातनं वर गेला. कोणाला लागलं नाही. शेजारच्या लग्नाच्या हॉलच्या अंगणात उतरला. तिथं बारसं चाललेलं. त्यांना वाटलं, बाळाच्या अंघोळीसाठी कोणीतरी आहेर आणलाय. हळदकुंकू लावून आत नेला त्यांनी. आता परत मागणं बरं दिसत नाही, दाजी.”